मेस्त्रींना विचारा : बाबांची बोट मोडायची की ठेवायची?

या खेपेची पत्रं जवळजवळ सगळी जुन्या लाकडी बोटींची आहेत. साहजिकच आहे. फेब्रुवारी लागला की किनाऱ्यावर जो तो पावसाआधी काय काय उरकेल याचा हिशोब मांडायला लागतो. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : आमची ३८ फुटी सागवानी बोट बाबांनी बांधून घेतलेली. बाबा गेल्यापासून दोन मोसम ती खाडीच्या वाळूवर उभी आहे. मी मुंबईची नोकरी सोडून धंद्यात उतरायचं म्हणतोय. एक सुतार म्हणतो, वरून फायबर मारा, वीस वर्षं बघायला नको. दुसरा म्हणतो, मोडा आणि लाकूड विका. आई म्हणते, बोट हलवायची नाही. मी कुणाचं ऐकू?
— एक वाचक, हर्णैजवळून

उत्तर : आईचं सोडा, तिचं म्हणणं लाकडाबद्दल नाही. पण त्या दोन सुतारांपैकी कुणी खाली वाकून, फळ्या उचलून, आत शिरून पाहिलं का? पत्रात तसं काही दिसत नाही. बाहेर उभं राहून बोटीचं निदान करणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. लाकडी बोट कुजते ती गोड्या पाण्याने. लाकूड खाणारी बुरशी मिठापुढे टिकत नाही. म्हणून वर्षानुवर्षं समुद्रात बुडालेला भाग पुष्कळदा ठणठणीत निघतो, आणि जो कधी समुद्राला लागलाच नाही, तो डेकच्या कडेचा सांधा पावसाने पोखरलेला असतो. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात एका पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं. तुमची बोट दोन पावसाळे वाळूवर उभी आहे, म्हणजे ते पाणी तिच्यात कुठे शिरलं आणि कुठे थांबलं, हा खरा प्रश्न.

एक जाड दाभण आणि छोटी हातोडी घ्या. हातोडीने फळी वाजवत जा. निरोगी लाकूड खणखणीत बोलतं, कुजलेलं भद्द. जिथे आवाज बदलेल तिथे दाभण टोचा. नखभर आत जाऊन अडली तर लाकूड चांगलं, अर्धा इंच सहज शिरली तर खडूने खूण करा. घाई करू नका आणि नजरेसमोरच्या जागांवर वेळ घालवू नका. नाळेचा (बोटीच्या तोंडाच्या उभ्या लाकडाचा) माथा, डेक आणि बाजूची फळी मिळते तो सांधा, केबिनचा पाया, इंजिनच्या बैठकीखालची जागा, पठाणाला (बोटीच्या तळाच्या लांब कण्याला) लागून असलेली पहिली फळी आणि बर्फाच्या खणाचा तळ, एवढ्या ठिकाणी आधी जा. बर्फाचा खण मुद्दाम सांगतो. लोक म्हणतात तिथे तर नेहमी पाणी असतं, तिथलं लाकूड कसं कुजेल? अहो, वितळलेला बर्फ गोडं पाणी आहे. मी उघडलेल्या बोटींत पाऊस आणि बर्फ या दोघांनी जेवढं लाकूड खाल्लेलं दिसलं, तेवढं वादळांनी फोडलेलं दिसलं नाही.

मग खिळे. पाण्याखालच्या भागातले, वेगवेगळ्या जागचे चार खिळे उपटून बघा. लोखंडी खिळा बाहेरून डोकं शाबूत ठेवून मधे कमरेत झिजतो. खिळ्याभोवती लाकूड काळं आणि मऊ पडलं असेल तर तो गंज लाकडात उतरला आहे. चारांतले तीन असे निघाले तर अख्खी बोट नव्याने ठोकावी लागणार, आणि तीही जुन्या भोकांत नाही, बाजूला नवी भोकं पाडून. हा खर्च कुणी आधी सांगत नाही.

किडाही बघा. भरतीच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या लाकडात शिरणारा हा किडा खरं तर शिंपल्याच्या कुळातला. शिरताना टाचणीच्या डोक्याएवढं भोक पाडतो आणि आत हाताचं बोट जाईल एवढा बोगदा करत जातो. त्यामुळे बाहेरून फळी सुरेख दिसते. संशय आला तर एका फळीचं टोक करवतीने कापून बघायला कचरू नका. उभ्या जागी बोट कोरडी राहिली असेल तर किडा मेलेला असतो, पण त्याचे बोगदे राहतातच.

शेवटी दोरी. नाळेच्या पायापासून मागच्या टोकापर्यंत पठाणाला लगटून दोरी ताणा. मधे पठाण दोरीपासून वर उचललेलं दिसलं तर बोटीची पाठ गेली आहे, म्हणजे दोन्ही टोकं खाली वाकली आहेत. थोडी असेल तर हळूहळू टेके सरकवून, दर दोन-चार दिवसांनी पाचर मारत बरीच परत आणता येते. पण हे नवे वांक, म्हणजे बोटीच्या बरगड्या, बसवण्याच्या आधी. वाकड्या अंगावर नवे वांक बसवलेत तर वाकडेपणा कायमचा झाला.

आता निकाल. पठाण आणि नाळ शाबूत असतील आणि वांकांपैकी साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून कमी खराब असतील तर ठेवा. पठाणच गेलं असेल तर दुसऱ्या सुताराचं ऐका, आईला मी समजावतो. हा माझा अंदाज आहे, कायदा नाही. पण पठाण बदलून बोट वाचवलेल्यांना शेवटी नव्या बोटीइतकाच पैसा लागलेला मी पाहिला आहे.

वांक बदलताना सगळे एकदम काढू नका. बोटीचा आकार वांकांनीच धरलेला असतो. एकाआड एक घ्या, आणि जुना अर्धवट चांगला असेल तर त्याला लागून नवा जोडून बोल्टाने आवळा. वांकाला लाकूड निवडताना सरळ फळीतून वळण कापू नका, नैसर्गिक बाक असलेली फांदी शोधा, कारण रेषा तुटली की ताकद गेली. बाभूळ त्यासाठी चांगली. फळ्यांचे सांधे शेजारच्या फळीच्या सांध्यासमोर येऊ देऊ नका. सांध्यांत कापूस ठोकताना हात आवरता ठेवा. दोन उन्हाळे सुकलेल्या फळ्यांत फटी रुंद दिसतात, तेव्हा मोह होतो दाबून भरायचा. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात, आणि गच्च भरलेला सांधा फुगायला जागा न मिळाल्याने खिळे उपटतो.

राहिलं फायबर. मी फायबरच्या विरुद्ध नाही. कोचीची केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था लाकडी बोटींवर फायबरचं आवरण चढवण्याचं काम गेली कित्येक वर्षं करते आहे, आणि नीट केलं तर किड्यापासून उत्तम संरक्षण मिळतं. नीट म्हणजे काय ते ऐका. लाकडात ओल १५ टक्क्यांच्या खाली हवी. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, सुताराकडे नसेल तर तुम्ही घ्या. सागात तेल असतं, त्यावर साधं पॉलिस्टर रेझिन धड चिकटत नाही. घासून, ॲसिटोनने पुसून, शक्य असेल तर पहिला हात इपॉक्सीचा द्यावा लागतो. आणि कुजलेलं लाकूड आत ठेवून वरून फायबर मारलं तर आतली ओल बाहेर पडायची वाटच बंद होते. मग बोट आतून संपते आणि तुम्हाला दिसतो तो नवा निळा रंग. तुमचा पहिला सुतार हेच सुचवतोय का, ते वरची तपासणी झाल्यावर कळेल. आणखी एक, जिवाचं. रेझिनमध्ये घालायचं कोबाल्ट आणि हार्डनर हे दोन्ही एकमेकांत थेट कधी ओतायचे नाहीत. भडका उडतो, स्फोट होतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच दुसरं. कामावरच्या पोरांना हे स्वतः सांगा.

वेळेचं गणित असं की, लाकूडकाम आत्ता सुरू करा आणि रेझिनचं काम एप्रिल-मेच्या कोरड्या हवेतच उरका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते म्हणून लोक तेव्हा दुरुस्तीला बसतात. इंजिनाचं, जाळ्यांचं काम करा तेव्हा. ओल्या हवेत फायबर मारू नका. काम राहिलं तर बोट शाकारून ठेवा, आणि शाकारताना ताडपत्री अंगाला चिकटवून आवळू नका. आत घाम धरतो. झावळ्यांची शाकारणी जुन्या लोकांनी उगाच नाही ठेवली, पाणी वाहून जातं आणि वारा खेळतो. नाळ थोडी वर, तळाचं बूच काढलेलं.

कागद विसरू नका. दोन मोसम बंद बोटीचा परवाना, विमा, सगळंच थकलं असेल. मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे वारसाची नोंद आधी करा. बोट तयार आणि कागद नाही, अशी माणसं ऑगस्टात धक्क्यावर बसून राहतात.

प्रश्न : माझी ३२ फुटी बोट आहे. जुनं दोन सिलिंडर इंजिन थकलं. ट्रकचं सहा सिलिंडर इंजिन स्वस्तात मिळतंय. बसवू का? वेग किती वाढेल?
— एक नाखवा, साखरीनाटे

उत्तर : वेग तुम्हाला वाटतो तेवढा वाढणार नाही. आपल्या बोटी पाणी कापत नाहीत, ढकलतात, आणि अशा बोटीला लांबीने वेसण घातलेली असते. पाण्यावरच्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ घ्या, १.३४ ने गुणा, तेवढे सागरी मैल ताशी. तुमच्या बोटीची पाण्यावरची लांबी २९-३० फूट धरली तर उत्तर साडेसातच्या खाली येतं. त्यापुढे बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते आणि डिझेल नुसतं जळतं. ढोबळमानाने लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशोबात वाढते. साडेसातवरून साडेसहावर आलात तर जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद वाचते. मासळीला तेवढ्याने उशीर होत नाही.

मोठं इंजिन घेऊ नका असं म्हणत नाही. जाळं ओढायला, खराब हवेत परत यायला ताकद हवी. पण ट्रकचं इंजिन तसंच्या तसं बोटीत चालत नाही. त्याला समोरून वाऱ्याची सवय. इथे खाऱ्या पाण्याचा पंप, गोडं पाणी थंड करणारा हीट एक्स्चेंजर, तेलाचा कूलर आणि गिअर तेवढ्याच तोडीचा हवा. स्वस्तात मिळालं म्हणता ते या चार वस्तूंची किंमत धरून स्वस्त आहे का, बघा. त्यात इंजिन जड. जुन्या बैठकीवर ते ठेवलंत तर मागचा भाग बसेल आणि बैठकीखालचे वांक बोलायला लागतील. बैठक लांब करा, जास्तीत जास्त वांकांवर वजन वाटून द्या.

पाण्याखालचा, बोट ढकलणारा पंखा मोठा आणि फेरे कमी, हे डिझेल वाचवायचं खरं सूत्र. त्यासाठी गिअरचं प्रमाण आणि पंख्यामागची जागा दोन्ही बघावं लागतं. पंख्याच्या पात्याच्या टोकापासून बोटीच्या अंगापर्यंत व्यासाच्या निदान १५ टक्के अंतर ठेवा, म्हणजे ३० इंची पंख्याला साडेचार इंच. कमी ठेवलंत तर मागच्या फळ्या थरथरून सांधे सुटतात.

शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंतच्या दांड्याची, रेघ जमिनीवर जुळवून फिटर पैसे घेऊन जातो, आणि तीच रेघ पाण्यात गेल्यावर बिघडते, कारण पाण्यात बोट वेगळी बसते. जमिनीवर ढोबळ जुळवा, बोट टाकल्यावर दोन-चार दिवस लाकूड फुगू द्या, मग गिअर आणि शाफ्ट जोडणारं कपलिंग सोडून चारही बाजूंनी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा. ६ इंची कपलिंगला फरक ०.००६ इंचाच्या आत हवा. फिटरचा शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या. आणि शाफ्टभोवती पाणी अडवणारी ग्लँड आवळून पूर्ण कोरडी करू नका. चालत्या शाफ्टला थेंब थेंब पाणी गळलंच पाहिजे, नाहीतर पॅकिंग जळतं आणि शाफ्टला खाचा पडतात.

नव्या इंजिनाचा नंबर आणि अश्वशक्ती नोंदणीत लावून घ्या. डिझेलच्या परताव्याच्या वेळी तेच बघतात.

प्रश्न : मेस्त्री, आमच्या बोटीत बर्फाच्या खणाला आतून थर्माकोल लावलाय. पहिल्या मोसमात बर्फ टिकला, आता दुसऱ्या दिवशीच पाणी होतं. माझा नवरा म्हणतो बर्फवाला खराब बर्फ देतो. खरं काय?
— एक वाचक, मुरुड

उत्तर : ताई, बर्फवाल्याला उगाच दोष देऊ नका. थर्माकोल भिजला आहे. पाणी प्यायलेला थर्माकोल उष्णता अडवत नाही. तो काढा, पण काढल्यावर लगेच नवीन लावू नका. मागचं लाकूड वर सांगितलंय तसं दाभणाने तपासा, आणि पूर्ण सुकू द्या. मग पफ (उष्णता अडवणारा फोम) भरून घ्या, चारही बाजूंना आणि झाकणालाही निदान चार इंच, इंजिनाकडच्या भिंतीला त्याहून जास्त. लोक भिंती जाड करतात आणि झाकण एका फळीचं ठेवतात. आतून फायबरचं अस्तर द्या, कोपरे गोल ठेवा म्हणजे धुताना मासळीचं पाणी अडकत नाही. तळाला उतार देऊन पाणी एका खड्ड्यात जमेल असं करा, तिथून पंपाने बाहेर. ते पाणी बोटीच्या तळात सोडू नका, का ते तुम्हाला आता कळलंच असेल. बर्फ मात्र बारीक फोडून मासळीच्या थरांमधे घाला. लादी जितकी मोठी तितकी ती स्वतः टिकते आणि मासळी गरम राहते.

प्रश्न : पुण्याजवळ आमचं छोटं रिसॉर्ट आहे. कोकणातून एक जुनी होडी आणून, तिच्यात माती भरून फुलझाडं लावायचा विचार आहे. किती वर्षं टिकेल?
— एक वाचक, मुळशी

उत्तर : माती भरून रोज झारीने पाणी घातलंत तर लवकरच फुलझाडं राहतील, होडी जाईल. गोडं पाणी आणि माती याहून वाईट सोबत लाकडाला मिळणार नाही. झाडं कुंड्यांत लावा आणि कुंड्या होडीत ठेवा. होडी दगडी टेक्यांवर जमिनीपासून हातभर वर, तळाला भोकं, वर छप्पर. काजूच्या टरफलाचं तेल दरवर्षी दोन हात चोपडा. वास येईल, पाहुण्यांना आवडेल न आवडेल. आणि घेण्याआधी मूळ मालकाने तिची नोंदणी रद्द केल्याचा कागद मागा. अंगावरचा नंबर खरवडून काढा. डोंगरात नोंदणी क्रमांक असलेली बोट सापडली तर पोलिसांना तुमच्या गुलाबांत रस वाटेल.

प्रश्न : दुरुस्त करून बोट पाण्यात टाकली आणि पहिल्याच रात्री पाणी आलं. सुतार म्हणतो, येणारच. फसवतोय का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : एवढ्यात नाही. सुकलेल्या फळ्या फुगेपर्यंत पाणी येतंच. पंप चालू ठेवा, माणूस झोपवा, आणि दर भरतीला किती पाणी काढलं ते लिहून ठेवा. आकडा रोज उतरत गेला तर सुतार खरा. चार दिवसांनी तेवढाच राहिला तर बोट वर घ्या आणि आधी शाफ्टची नळी बघा. फळ्यांना शिव्या नंतर.

प्रश्न : आम्ही बोट नवी केली तेव्हा केबिन दोन फूट उंच केली, वर सोलर आणि पाण्याची टाकी ठेवली. दिसायला छान झाली. पण आता कलंडली की सावकाश परत येते. खलाशी म्हणतात, आधीपेक्षा मऊ चालते, बरं वाटतं. बरं आहे का?
— एक तांडेल, वर्सोवा

उत्तर : बरं नाही. बोट झटकन परत येते तेव्हा माणसाला त्रास होतो, पण ती सुरक्षित असते. सावकाश परत येणारी बोट वरून जड झालेली असते. मोजायची सोपी रीत आहे. बंदरात शांत पाण्यात, नेहमीएवढं सामान भरून, दोर ढिले सोडा. चार-पाच माणसांना एका बाजूकडून दुसरीकडे हलवून बोट डोलायला लावा, मग माणसं मधे थांबवा. एका बाजूला कललेली बोट दुसरीकडे जाऊन परत त्याच बाजूला आली की एक झोका. असे चार-पाच झोके घड्याळाने मोजून सरासरी काढा. ही सेकंदांची संख्या बोटीच्या मीटरमधल्या रुंदीपेक्षा कमी हवी. तुमची रुंदी १२ फूट असेल तर ३.६६ मीटर. झोका तीन सेकंदांचा आला तर ठीक, साडेचारचा आला तर त्या बोटीवर मी माझ्या पोराला पाठवणार नाही. ही ढोबळ परीक्षा आहे, छोट्या बोटींना लागू पडते, आणि पास झाली म्हणून डेकवर जाळ्यांचा डोंगर रचायची परवानगी मिळत नाही.

कलंडल्यावर क्षणभर तिथेच थांबून विचार करते असं वाटत असेल तर मोजणीचीही वाट बघू नका. पाण्याची टाकी आजच खाली आणा. ५०० लिटरची टाकी म्हणजे अर्धा टन वजन छपरावर, आणि ती अर्धी भरलेली असताना आतलं पाणी कलत्या बाजूला धावतं, ते आणखी वाईट. तळात साचलेलं पाणीही तेच करतं, म्हणून मोजण्याआधी तळ कोरडा करा. टाकी उतरवून पुन्हा झोके मोजा आणि दोन्ही आकडे मला कळवा. सोलर राहू दे, तो हलका आहे. केबिनच्या दोन फुटांचं काय करायचं ते दुसरा आकडा बघून सांगतो.